पांदणीतलं अस्वल: पकडून न्यायचं की अंतर राखायचं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठावरच्या एका गावातून एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय. त्याचे काका पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले होते. पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेच्या, वळणावर अस्वलाने हल्ला केला. डोळा वाचला, पण गाल आणि डोक्याची कातडी फाटली. आठवडाभरात ग्रामसभा आहे आणि गावाची एकच मागणी आहे: अस्वल पकडून न्या. ही मागणी बरोबर आहे का, आणि नसेल तर गावाने नक्की काय करायचं, असं त्याने विचारलंय.

भाऊ, बाकीचं नंतर. काकांना रेबीजची लस सुरू झाली का, ते आधी बघा. जखमा मोठ्या असल्या की डॉक्टरांचं आणि घरच्यांचं सगळं लक्ष टाक्यांकडे जातं आणि लस राहून जाते. असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. अस्वल हा सस्तन प्राणी आहे, आणि रेबीज सस्तन प्राण्यांकडूनच येतो. त्याचा दात किंवा लाळ लागलेली जखम, आणि तीही चेहऱ्यावर, म्हणजे सर्वांत वरच्या धोक्याची. नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि तिच्या आजूबाजूला रेबीजविरोधी सीरमही (तयार प्रतिकारद्रव्यं) द्यावं लागतं, शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात कातडीत लस देतात, ती पहिल्या दिवशी (तो दिवस शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. घरी सोडलेला पेशंट अठ्ठाविसावा दिवस हमखास विसरतो. कार्ड घराच्या दाराला टाचून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. गेली बावीस वर्षं मी बुलडाणा, अकोला आणि अमरावतीच्या जंगलकाठच्या गावांत हेच काम करतो. हल्ला झाला की तिथे जायचं, जागा बघायची, जखमीशी बोलायचं, माग काढायचा. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. अस्वलाचा हल्ला 'कोणतं अस्वल' यावर ठरत नाही, तो अंतरावर ठरतो. शंभर पावलांवरून तुम्हाला बघून निघून जाणारं तेच अस्वल दहा पावलांवर अचानक भेटलं की अंगावर येतं. म्हणून मी जागा बघायला गेलो की अस्वलाच्या आधी झुडूप बघतो.

असं का होतं, हे ग्रामसभेत नीट सांगता आलं पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे उपाय लोकांना बाष्कळ वाटतील. आपल्याकडचं अस्वल वाळवी आणि मुंग्या खाण्यासाठी घडलेलं जनावर आहे. वरच्या जबड्यात समोरचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. नाकपुड्या बंद करता येतात, म्हणजे माती आत जात नाही. लांब, बाकदार नख्या वारूळ फोडायला. एकदा वारूळ फोडून तोंड आत घातलं की फुंकर मारणं आणि ओढणं सुरू होतं. तो आवाज शांत जंगलात लांबवर ऐकू येतो. मग विचार करा, जे जनावर स्वतःच एवढा आवाज करतंय, तोंड मातीत आहे, त्यात नजर आधीच अधू, त्याला तुमच्या चपलेचा आवाज कसा येणार? वास मात्र त्याला जबर येतो. पण वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तरच. उलट वारा असला तर तुम्ही त्याच्या पाठीशी पोचेपर्यंत त्याला पत्ता नसतो.

आणि दचकल्यावर ते पळत का नाही? हरिण पळतं, रानडुक्कर बहुतेक वेळा पळतं. अस्वल हजारो वर्षं वाघाच्या सोबतीने जगत आलंय. वाघापुढे पळून ते वाचत नाही. झाडावर ते चढतं, पण बिबट्याही चढतो, आणि पिल्लाला घेऊन दर वेळी चढणार कुठे? त्यामुळे जवळ कोणी अचानक उभं राहिलं की आधी अंगावर जायचं, ओरडायचं, दोन पायांवर उभं राहायचं, पंजा मारायचा आणि मग निघून जायचं, ही त्याची जगण्याची रीत झाली. वाघासाठी ठरलेली ही रीत माणसावर वापरली जाते. दोन पायांवर उभं राहून मारलेला पंजा माणसाच्या नेमका तोंडावर बसतो. आपल्याकडे म्हणतात की अस्वल गुदगुल्या करून मारतं. कुठून आलं कोण जाणे. ते खायला येत नाही, खेळायलाही येत नाही. ते घाबरलेलं असतं.

आकडे सांगतो, कारण गावात कोणीतरी म्हणणारच की अस्वल नरभक्षक झालंय. मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ माणसं सापडली, त्यांतली ४८ दगावली. पुढे छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर भागात १९९८ ते २०००च्या दरम्यान १३७ हल्ले नोंदले गेले, ११ जण गेले. म्हणजे मारण्यासाठी येणारं जनावर हे नव्हे. पण जे वाचले, त्यांचं काय झालं हे कोणत्याही आकड्यात दिसत नाही. डोळा गेलेला, नाक नसलेला, वरचा ओठ शिवलेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळतो. मी अशी माणसं ओळखतो, जी दहा वर्षं उपरण्याने तोंड झाकून वावरतात. त्यामुळे 'फक्त जखमी' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तुम्हीही ग्रामसभेत तसं कुणाला म्हणू देऊ नका.

आता पकडून नेण्याविषयी. अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवू. समजा परवानगी मिळाली. पिंजरा लागला. पिंजऱ्यात जे सापडेल ते काकांवर आलेलंच अस्वल असेल, हे कोण सांगणार? वाघ-बिबट्यांच्या अंगावरच्या खुणांवरून एकेक ओळखता येतो. काळ्या केसांच्या अस्वलांत ते फार अवघड. मग त्याला नेऊन सोडायचं कुठे? ज्या जंगलात सोडाल तिथे आधीचीच अस्वलं आहेत, आणि नव्या जागी पाणी कुठे, कपार कुठे, हे माहीत नसलेलं जनावर जास्त भटकतं आणि जास्त माणसांना भेटतं. तुमची अडचण दुसऱ्या गावाच्या शिवारात गेली, एवढंच. इकडे तुमच्या टेकडीवरची ती जागा रिकामी राहत नाही. पाणी, बोरं, सीताफळं, वारुळं तशीच आहेत, दोन-चार महिन्यांत दुसरं अस्वल तिथे येतं.

एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. लोकांच्या दबावाखाली एक नर पकडून नेला. गावाने फटाके वाजवले, आणि लोक बिनधास्त झाले. पहाटे एकट्याने फिरायला लागले, बाया लाकडाला पुन्हा जुन्याच ओढ्याने जायला लागल्या. पुढच्याच उन्हाळ्यात त्याच ओढ्यात एक बाई अस्वलाच्या तावडीत सापडली. पिंजऱ्याने दिलेला हा खोटा धीर मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

अपवाद आहे, तोही सांगतो. एकच अस्वल वारंवार, दिवसाढवळ्या, उघड्यावर, लांबून चालून येऊन हल्ले करत असेल, किंवा जखमी असेल, सुळा किंवा पंजा सडलेला असेल, तर त्याला पकडणं गरजेचंच आहे, आणि तेव्हा गावाने जोर लावावा. तुमच्या काकांच्या बाबतीत तुम्ही जे लिहिलंय, वळण, पहाट, झुडूप, एक फटका आणि निघून जाणं, ते त्यात बसत नाही.

हे सगळं आपल्याच भागात एवढं का, असा प्रश्न येईल. नकाशा डोळ्यासमोर आणा. ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. त्याच्या पोटातून बोथ्याच्या घाटाने बुलडाणा-खामगाव रस्ता जातो. उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा आणि मेळघाट आहे, पण मधे पूर्णेचं सगळं खोरं, खारपाणपट्ट्याची (खाऱ्या भूजलाच्या भागातली) उघडी शेती, मलकापूर-नांदुऱ्यावरून जाणारा महामार्ग आणि मुंबई-नागपूर रेल्वे. दक्षिणेला मेहकर, सिंदखेडराजाकडे समृद्धी महामार्ग. पश्चिमेला हीच डोंगररांग गौताळा अभयारण्याकडे जाते, पण तुटक तुटक, एक टेकडी, मग शेत, मग गाव, मग पुन्हा टेकडी. २०१९मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याहून निघालेला एक तरुण वाघ तेराशेहून जास्त किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला होता, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. रात्री कपाशीतून, नाल्यातून, रस्ते ओलांडत तो आला. एकट्या नर वाघाला ते जमलं. पाठीवर दोन पिल्लं घेतलेल्या अस्वलाच्या मादीला ते जमत नाही. ती या टेकडीवरून त्या टेकडीवर जाईल, आणि मधल्या शेतात, मधल्या पांदणीत तुम्हाला भेटेल.

नेपाळच्या चितवनमध्ये गवत, पाणी, वाळवी सगळं मुबलक. तिथे एका मादीला सरासरी नऊ चौरस किलोमीटर पुरले, नराला चौदा. आपल्या कोरड्या, पानगळीच्या टेकड्यांवर तेवढ्यात भागत नाही. एप्रिल-मेमध्ये तर पाण्यासाठीच त्याला खाली उतरावं लागतं, आणि खाली तुमची विहीर, तुमचं शेततळं, तुमचा ऊस किंवा मका. त्यातच टेकड्यांच्या सोंडा गिट्टीच्या खदानींनी खाल्ल्या. अस्वलाला दिवसा झोपायला थंड दगडी कपार लागते, मादीला पिल्लं घालायला लागते. सुरुंगाने कपार गेली की ते ओढ्याकाठच्या घाणेरीत झोपतं. ती घाणेरी गावापासून हाकेच्या अंतरावर असते. म्हणून 'अस्वलं वाढली' हे वाक्य मी सावधपणे वापरतो. अस्वलं जास्त दिसतात, एवढं नक्की. त्यांची लपायची जागा आता आपल्या दाराशी आली आहे.

आता करायचं काय. मी क्रमाने सांगणार नाही, महत्त्वाने सांगतो.

पहिली गोष्ट विजेची. तुमचे काका पहाटे का गेले होते? कारण मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत होती. रब्बीत हरभरा, गहू, कांदा यांना पाणी द्यायचं तर माणूस रात्री दोनला, पहाटे चारला मोटार चालू करायला जातो. ही वेळ अस्वलाची आहे. गावाजवळची अस्वलं दिवसा झोपतात आणि अंधारात चरतात. मी पाहिलेल्या शेतातल्या हल्ल्यांमधली जर एकच गोष्ट बदलायला मिळाली, तर मी दिवसाची वीज मागेन. पिंजरा, कुंपण, दिवे सगळं त्यानंतर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. ग्रामसभेच्या ठरावात पहिली ओळ ही घाला: जंगलकाठच्या शिवाराच्या फीडरला दिवसाची पाळी द्यावी, कारण वन्यप्राण्यांचा धोका. वन विभागाचं शिफारसपत्र त्याला जोडा. वनाधिकाऱ्याने अशी शिफारस केली की वीज कंपनीचा माणूस ऐकतो, असा माझा अनुभव आहे. नुसत्या शेतकऱ्यांच्या अर्जाला तेवढं वजन येत नाही.

दुसरी गोष्ट पांदण. तुम्ही लिहिलंय की दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि बोरी आत आल्या आहेत, समोरून बैलगाडी आली तर कळत नाही. घाणेरीची फळं अस्वल खातं, बोरं तर ते जमिनीवरून एकेक वेचतं, आणि त्याच गचपणात झोपतं. म्हणजे तुमच्या वाटेवर त्याचं जेवण आणि बिछाना दोन्ही आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंनी आठ-दहा फूट मोकळं करा. वळणावर जास्त. सगळी बोरं तोडू नका, फक्त वाटेला लागून असलेली. हे काम रोजगार हमीतून किंवा शेतरस्त्यांच्या योजनेतून बसतं, फक्त जमीन ग्रामपंचायतीची की वनाची ते आधी बघा. वनाच्या हद्दीत कोयता चालवण्याआधी वनरक्षकाला बोलवा. अभयारण्यात तर परवानगीशिवाय हात लावू नका.

माणसाच्या वागण्याचं सांगतो. अंधारात एकट्याने जाऊ नका. दोघे असा, आणि बोलत चला. मी तर जंगलात चालताना मोठमोठ्याने बोलतो. मेळघाटात एका म्हाताऱ्या बाबांनी मला काठीला घुंगरं बांधायला शिकवलं. साधी गोष्ट आहे, पण उपयोगाची. काठी टेकली की छुन्न वाजतं, वाऱ्याची दिशा कशीही असली तरी. टॉर्च पायाखाली न मारता पुढे मारा, बाजूला मारा, थांबून बघा. कानात इअरफोन घालून शेतात जाणारी पोरं मला दिसतात तेव्हा मी त्यांना अडवतो. अस्वलाचा वारूळ ओढण्याचा आवाज ही तुम्हाला मिळालेली सूचना आहे, ती तुम्ही स्वतःच बंद करता.

कुत्र्याविषयी लोकांचा गैरसमज आहे. सोबत कुत्रा असला की धीर वाटतो. होतं काय, कुत्रा पुढे पळतो, अस्वलावर भुंकतो, अस्वल उलटतं, आणि कुत्रा जीव घेऊन मालकाकडे येतो. त्याच्या मागे अस्वल. कुत्रा निसटतो. रानात जाताना कुत्रा घरी बांधा किंवा दोरीने धरा.

समोरासमोर आलंच तर? लांब असेल तर पाठ न दाखवता, हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट ठेवा. दगड मारू नका. पळू नका, उतारावरही नाही. उतारावर अस्वलाला पळता येत नाही ही थाप आहे. झाडावर चढून बसणंही फोल, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. आणि अंगावर आलंच, पंजा पडलाच, तर पोटावर पालथं पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी तोंड झाका. चेहरा, डोळे आणि मान वाचवायची, पाठीवरच्या जखमा भरतात. ते गेल्यावरही लगेच उठू नका, कान देऊन ऐका. दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीमुळे आपल्याला वाटतं की अस्वल दिसताक्षणी मेल्याचं सोंग घ्यायचं. तसं नाही. हे फक्त ते अंगावर आल्यावर करायचं.

चाळिशीपुढच्या लोकांची एक अडचण मला नेहमी जाणवते. त्यांनी लहानपणी दरवेशी पाहिलेत. नाकात दोरी, तोंडात मुसकी, डमरूवर नाचणारं अस्वल, त्याच्या केसांचा ताईत पोरांच्या गळ्यात. त्या बिचाऱ्या जनावराचे दात काढलेले असायचे. देशातला हा खेळ २००९च्या अखेरीस बंद झाला, ते चांगलंच झालं. पण त्या आठवणीमुळे अनेकांच्या मनात अस्वल म्हणजे हाकलता येणारं जनावर, असं बसलंय. गावात अस्वल दिसलं की पुढे जाऊन व्हिडिओ काढणारे, काठ्या घेऊन घेरणारे असतात. दिवसा गावात अडकलेलं अस्वल आणि भोवती दोनशे माणसं, याहून वाईट प्रसंग मी पाहिला नाही. अशा वेळी सरपंच आणि पोलीस पाटलांनी एवढंच करायचं: लोकांना घरात घालायचं, डोंगराकडची बाजू मोकळी सोडायची आणि संध्याकाळ होऊ द्यायची. अंधार पडला की बहुतेक वेळा ते आपलं आपण जातं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. तो नंबर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा.

विहिरीचं राहिलं. बिनकठड्याच्या विहिरी आपल्याकडे शेकड्याने आहेत. अस्वल पडलं की गर्दी, दोरखंड, आरडाओरडा. अस्वल उत्तम चढतं. गर्दी हटवून, आत एक मजबूत लाकडी शिडी किंवा खडबडीत ओंडका तिरका सोडून, रात्रभर शांतता ठेवली तर ते सहसा वर येऊन निघून जातं. हे वन विभागाच्या देखरेखीखाली करा, पण त्यांना हे सुचवा. आणि कठडे बांधून घ्या. त्या विहिरीत उद्या तुमचं वासरूही पडू शकतं.

कुंपणाला घरची लाईट जोडणारे तुमच्या गावातही असतील. नावं घेऊन भांडू नका, पण ग्रामसभेत स्पष्ट सांगा की तो गुन्हा आहे आणि त्या तारेला चिकटून आजवर शेजारचाच माणूस मेलाय. सौर कुंपण झटका देतं, मारत नाही. जंगलकाठच्या गावांसाठी २०१५पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. त्यातून गॅस मिळतो, आणखीही बरंच मिळतं. गॅसचं मी मुद्दाम सांगतो. लाकडाला जाणाऱ्या बाया वाकून, शांतपणे, गचपणात काम करतात. अस्वलाला त्या दिसत नाहीत आणि त्यांना अस्वल दिसत नाही. सिलिंडर भरायला पैसे नसल्याने पुन्हा चूल पेटते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून लाकडाला जायचंच तर चौघी मिळून, ऊन वर आल्यावर, ओढ्याच्या आत न शिरता.

पाणवठ्यांविषयी माझं मत अनेक अधिकाऱ्यांना आवडत नाही. उन्हाळ्यात टँकरने भरायचे पाणवठे जिथे टँकर पोचतो तिथे, म्हणजे रस्त्याजवळ आणि गावाजवळ बांधले जातात. मग अस्वल तिथेच येणार. पाणी आत, टेकडीच्या पोटात, झऱ्याच्या जागी हवं. सौर पंपाची बोअर आतवर करता येते. तुमच्या गावाच्या हद्दीला लागून नवा पाणवठा मंजूर होत असेल तर विनम्रपणे सांगा की तो दोन किलोमीटर आत न्या.

भरपाईचं. मोठी जखम असेल तर वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा, जागेचा पंचनामा होऊ द्या, सरकारी दवाखान्याची कागदं जपा, जखमेचे फोटो ठेवा. २०२३पासून राज्यात मृत्यूसाठी २५ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख आणि गंभीर जखमेसाठी पाच लाख रुपये आहेत. काकांच्या डोळ्याची किंवा जबड्याची हालचाल कायमची गेली आहे का, हे महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून लिहून घ्या. घाईत 'किरकोळ' लिहिलेला कागद पुढे बदलता बदलता नाकी नऊ येतात. एका कुटुंबाला मी दीड वर्ष एका कार्यालयाच्या पायऱ्या चढताना पाहिलंय, फक्त एका शब्दासाठी.

आणि पुढच्या वेळी, ती न येवो, पण आली तर: लोंबणारी कातडी कापू नका, जागेवर ठेवून स्वच्छ कापडाने हलकं दाबा. डोळ्यावर दाब नको. तोंडातून रक्त येत असेल तर उताणं झोपवू नका, पुढे झुकवून बसवा किंवा कुशीवर ठेवा, नाहीतर रक्त घशात जातं. हळद, चुना, चहापत्ती काही भरू नका. १०८ला फोन करा आणि फोनवरच सांगा की अस्वल आहे, आणि सीरम असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा.

ग्रामसभेत काका येणार असतील तर त्यांना आधी बोलू द्या. त्यांच्या घरच्यांचा राग खरा आहे आणि 'अस्वलाची चूक नाही' हे वाक्य त्या दिवशी त्यांच्यासमोर कुणी बोलू नये. मीही बोलणार नाही. त्यांचं बोलणं झालं की मग विजेचा ठराव, पांदणीचा ठराव, कठड्यांची यादी. आता डिसेंबर सुरू आहे. याच दिवसांत टेकडीवरच्या कुठल्यातरी कपारीत मादी पिल्लं घालते. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये ती त्यांना पाठीवर बसवून बाहेर पडेल, आणि पिल्लं पाठीवर असलेली मादी दहा पावलांचंच काय, वीस पावलांचंही अंतर खपवून घेत नाही. पांदण त्याआधी मोकळी झालेली हवी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी त्या बाजूला येतोय. कोयते आणि माणसं तुम्ही जमवा, वनरक्षकाशी मी बोलतो.